घंटावाले बाबूजी

खुर्सीपारात काकांचं घर शोधायचं असेल तर नाव विचारून उपयोग नाही. ‘घंटावाले बाबूजी किधर रहते हैं?’ असं विचारायचं. इडलीच्या गाडीपासून पंक्चरवाल्यापर्यंत कोणीही हात लांब करून गल्ली दाखवतो. लोकांनी बेल कर्व्हचं हिंदी भाषांतर करून आपल्याला ही पदवी दिली, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. हिंदीत ‘घंटा’ला आणखी एक अर्थ आहे आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही, हे काकांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण ते तसं दाखवत नाहीत. काकीही दाखवत नाहीत.

फोटोतली भिलाई म्हणजे सेक्टरांची. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, एकसारखे क्वार्टर. खुर्सीपार त्या फोटोत येत नाही. लाइनीच्या अलीकडचं हे गाव पोटासाठी आलेल्यांनी भरलं. तेलुगू सर्वांत जास्त, मग उडिया, बिहारी, इथले छत्तीसगढी, आणि भाताच्या ताटात लोणचं असावं तशी चार-दोन मराठी घरं. माझे वडील आणि काका गोंदियाहून एकाच पॅसेंजरनं आले. काकांचा जन्म १९५९ चा. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला राजेंद्रप्रसादांनी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली, त्यामुळे आपण आणि भट्टी एका वयाचे असं ते सांगतात. ‘ती अजून तापून राहिली, मी पण,’ हे त्याला जोडून.

मोठ्या कारखान्यात मात्र काकांना नोकरी लागली नाही. नंदिनी रोडच्या बाजूला एक खासगी कारखाना होता, तिथं टाइम ऑफिसात ते बाबू म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि साहेबलोकांनी सांगितलेले शेरे फॉर्मवर उतरवणं, हे काम. अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरात त्यांनी दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा ‘उत्कृष्ट’ लिहिलं. स्वतःच्या फॉर्मवर दरवर्षी साहेबांनी एकच शब्द सांगितला, ‘चांगला’, आणि काकांनी तोही मोत्यासारखाच लिहिला.

‘चांगला’ या शब्दाशी काकांचं जुनं वैर आहे. पाहुण्यानं चहा चांगला झाला म्हटलं तरी ते दुखावतात. बारा मे २००८ ला सर्वोच्च न्यायालयानं देवदत्त नावाच्या सीमा रस्ते सेवेतल्या अभियंत्याच्या बाजूनं निकाल दिला. त्याला एका वर्षी ‘चांगला’ शेरा मिळाला होता, बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि शेरा त्याला कोणी कळवलाच नव्हता. न्यायालय म्हणालं, बढती अडवतो तो शेरा चांगला असला तरी माणसाच्या वाइटाचाच. सगळे शेरे कळवा. सरकारी गोपनीय अहवालातला गोपनीयपणा त्यानंतर सुटला. काकांची नोकरी खासगी, त्यामुळे त्यांना या निकालाचा काडीचा फायदा नव्हता. तरी त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. काकीला वाटलं पगार वाढला.

निवृत्तीनंतर माणसं तुळशी लावतात, सत्संगाला जातात. काकांनी मूल्यमापनाच्या पद्धतींचा अभ्यास हाती घेतला, आणि पहिला प्रयोग घरात केला. अमेरिकेत जॅक वेल्च नावाच्या साहेबानं जनरल इलेक्ट्रिकमध्ये जी रीत रूढ केली ती काकांनी स्वयंपाकघराला लावली. त्या रीतीत वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळातले १० असे गट पाडायचे. दोन्ही टोकांना थोडे, मधे फुगवटा, म्हणून आलेख घंटेसारखा; हाच काकांचा बेल कर्व्ह. वरच्यांना बक्षीस, तळातल्यांना दार. आठवड्याच्या सात भाज्यांत एक उत्कृष्ट, पाच मध्यम, एक सुमार, असा काकांचा हिशेब. कॅलेंडरवर लाल-निळ्या पेनानं शेरे पडू लागले.

शनिवारी काकीनं वांग्याचं भरीत केलं. विस्तवावर भाजलेलं, वरून कच्च्या तेलाची धार. काका दोन भाकरी जास्त जेवले आणि ‘मध्यम’ लिहून हात धुवायला गेले. काकीनं विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की उत्कृष्टचा कोटा मंगळवारी भेंडीत संपला. काकी काही बोलली नाही. पुढच्या सोमवारी खिचडी. मंगळवारी खिचडी. तांदूळ तेवढेच, डाळ तेवढीच, मीठ चिमटीनं मोजलेलं. रविवारी सातवी खिचडी वाढून ती म्हणाली, ‘सातही सारख्या आहेत. टाका आता एकीला खाली.’

काका तीन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी कॅलेंडर उतरवलं. माझ्या मते मूल्यमापनशास्त्रात खुर्सीपारनं घातलेली ही सर्वांत मोठी भर आहे, पण तिच्यावर नाव काकीचं लागायला हवं.

दुसरा प्रयोग डाळीसाळीचा. डेमिंग नावाचा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होता. युद्धानंतर जपानी कारखानदारांना त्यानं दर्जा म्हणजे काय ते शिकवलं. तो आपल्या वर्गात एक खेळ करून दाखवायचा. पेटीत ४००० मणी, त्यांतले ८०० लाल. पन्नास खळगे असलेली पट्टी मण्यांत बुडवून वर काढायची. लाल मणी म्हणजे खराब माल. सहा जण आळीपाळीनं काढणार, आणि ज्याचे लाल जास्त त्याला सगळ्यांदेखत बोलणी. काकांना मणी कुठून मिळणार? त्यांनी राजमा आणि पांढरी चवळी आणली. दोन दुपारी ८०० राजमा आणि ३२०० चवळीचे दाणे मोजण्यात गेल्या. पावरहाउसच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्याला गाठून पन्नास खळग्यांचा पत्रा ठोकून घेतला. पत्रेवाल्यानं तो अप्पे करायला आहे असं समजून वर झाकणही दिलं.

गल्लीतली सहा पोरं ‘मजूर’ झाली. पहिल्या फेरीत शेजारच्या तेलुगू मास्तरांच्या मुलाच्या पत्र्यात सहाच राजमे आले. काकांनी त्याची पाठ थोपटली, चॉकलेट दिलं. एका पोराचे पंधरा आले. त्याला काकांनी असं झापलं की तो रडायच्या बेताला आला. दुसऱ्या फेरीत चॉकलेटवाल्याचे तेरा आले आणि रडवेल्याचे आठ. ‘पाहिलं? चॉकलेट दिलं की माणूस बिघडते, झापलं की सुधरते. सगळ्या साहेबलोकांचं ज्ञान इथंच संपते, बे!’ काका मला म्हणाले. ‘अरे, पेटीत पाचात एक राजमाच आहे, पोरगा काय करून राहिला त्यात? पन्नासात दहा यायचेच. कधी सहा, कधी पंधरा. राजमा कोणी भरला ते विचारा नं!’

राजमा काकांनी भरला होता, पण हे म्हणायची ती वेळ नव्हती. प्रयोग चौथ्या दिवशी बंद पडला, कारण मोजणीत राजमा दोनशेनं कमी भरला. त्या रात्री जेवायला काय होतं ते काका सांगत नाहीत.

मग नातवाचा जुना लॅपटॉप आला. त्याचा पंखा असा वाजतो की जी.ई. रोडवरून ट्रक वळतोय असं वाटावं. त्यात काकांनी एक कारखाना उभा केला. या विद्येला सिम्युलेशन म्हणतात, काका ‘खोटा कारखाना’ म्हणतात. एक्सेलमध्ये शंभर ओळी, म्हणजे शंभर कामगार. प्रत्येकाला खरं कसब किती ते एक ते दहा आकड्यांत आधीच देऊन ठेवलेलं. ते फक्त काकांना आणि देवाला ठाऊक. वर दहा साहेब; कोणी हात सैल सोडणारा, कोणी कंजूष. मग दरवर्षी नशिबाचा एक फासा. कसब, साहेबाचा स्वभाव आणि फासा मिळून त्या वर्षीचा शेरा ठरतो. शेऱ्यावरून बढती किंवा दार. तीस वर्षं चालवायचं, किती खऱ्या कसबाची माणसं वर पोचली ते मोजायचं, मग धोरण बदलून तीच तीस वर्षं पुन्हा. एकदा बेल कर्व्ह, एकदा ज्याला जेवढे मिळाले तेवढे, एकदा नुसती सेवाज्येष्ठता.

फाशांवर काढलेल्या उत्तरावर भरवसा काय, असं मी एकदा विचारून पाहिलं. काका पोलंडला गेले. तिथला उलाम नावाचा गणिती अमेरिकेत १९४६ मध्ये आजारातून उठत होता. वेळ जावा म्हणून पेशन्स खेळायचा. डाव सुटण्याची शक्यता किती, हे कागदावर मांडता मांडता तो थकला आणि त्याला वाटलं की शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजणं सोपं. त्यातून जी रीत निघाली तिला एका जुगारी काकाच्या आठवणीनं माँटे कार्लोचं नाव पडलं, आणि अणुबाँबवाल्यांनी ती वापरली. ‘काका कोणाचा होता?’ काकांनी मला विचारलं. ‘उलामचा.’ ‘लक्षात ठेव. काका लोकांचं कोणी नाव घेत नाही.’

दरवर्षी तळातली माणसं काढून नवी घेण्याचा असाच खोटा कारखाना अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २००५ मध्ये चालवून छापला होता. पहिली काही वर्षं कारखाना झपाट्यानं सुधारतो, मग सुधारणा आटत जाते. काकांच्या लॅपटॉपवरही तेच आलं. ‘झाडून झाडून घर किती साफ होईल? कचरा संपला की फरशी निघायला लागते,’ ते म्हणाले. त्याच संशोधकांपैकी एकानं आधी, २००० मध्ये, दुसऱ्या दोघांबरोबर खऱ्या साहेबांचे खरे शेरे तपासले होते. शेऱ्यांतला निम्म्याहून जास्त फरक शेरा देणाऱ्याच्या स्वभावातून आलेला निघाला. फॉर्म कामगाराचा आणि फोटो साहेबाचा. हे वाचल्यापासून काका आपल्या जुन्या साहेबांचे ‘चांगला’ हे शेरे साहेबांच्याच नावावर मांडतात.

यात गडबड अशी झाली की शंभर ओळींपैकी एका ओळीत काकांचा जीव अडकला. सदतीस नंबर. त्याचं कसब नऊ. शंभरात असे पाच-सहाच. पण नशीब असं की दर वेळी फिरून तो कंजूष साहेबाच्याच हाताखाली जायचा, आणि उरलेलं फासा पाहून घ्यायचा. बेल कर्व्ह लावला की चौथ्या-पाचव्या वर्षी सदतीसला दार. काका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचे ते थेट सुतक असल्यासारखे.

‘काय झालं?’ काकी विचारायची.

‘सदतीसला काढलं.’

‘अगं बाई. पोरंबाळं आहेत का त्याला?’

काका विचारात पडायचे. पोराबाळांचा रकाना त्यांनी ठेवला नव्हता. पण दुसऱ्या धोरणात सदतीस फोरमन झाला, तेव्हा काकीनं शिरा केला आणि एक वाटी ‘त्याला द्या’ म्हणून वेगळी काढली. ती मी खाल्ली.

तेवढ्यात काकांना कातानियाचा शोध लागला. सिसिलीतल्या कातानिया विद्यापीठातले दोन भौतिकशास्त्रज्ञ आणि एक समाजशास्त्रज्ञ. त्यांनी संगणकात १६० माणसांची उतरंड रचली: सर्वांत खाली ८१, मग ४१, २१, ११, ५ आणि शिखरावर एक. प्रश्न असा की रिकाम्या जागी कोणाला चढवायचं? खालच्या कामात जो उत्तम त्याला, असं आपण म्हणू. पण लॉरेन्स पीटरनं १९६९ च्या पुस्तकात म्हटलं होतं की वरचं काम वेगळंच असतं, त्यामुळे माणूस चढत चढत नेमका त्या पायरीवर थांबतो जिथलं काम त्याला येत नाही. ते खरं धरलं तर उत्तमाला चढवण्यात कारखान्याचं नुकसान होतं, आणि पीटर बरोबर की चूक हे ठाऊक नसेल तर चिठ्ठ्या टाकून चढवणं हा बिनधोक मार्ग. या संशोधनाला २०१० मध्ये व्यवस्थापनाचं इग नोबेल मिळालं. ते आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात. काका हसण्याचा भाग गाळून थेट विचारालाच लागले. ‘चिठ्ठी! इतले वर्षं आपण कोटे पाडून राहिलो, साहेब बदलून राहिलो...’

रायपूरच्या माझ्या ऑफिसातला वार्षिक फॉर्म मार्च महिन्यात येतो. ‘स्वतःला पाचपैकी किती गुण द्याल’ या रकान्यापाशी अडलो म्हणून मी तो घेऊन खुर्सीपारला गेलो. काकांनी चष्म्याच्या दोरीला गाठ मारली, फॉर्म उलटसुलट पाहिला आणि मायक्रोसॉफ्टनं माणसांना कोट्यानं वर-खाली लावण्याची रीत २०१३ मध्येच मोडून टाकली ही बातमी मला कालची असल्यासारखी सांगितली. मग आपल्याकडचं. केंद्र सरकारनं २००८ मध्ये सार्वजनिक उपक्रमांतल्या अधिकाऱ्यांच्या कामगिरी-वेतनाला बेल कर्व्ह जोडला, दहा टक्के अधिकारी खालच्या खणात टाकायचेच असं ठरवलं, आणि २०१७ मध्ये त्या दहा टक्क्यांची सक्ती काढली. ‘भिलाईत २६० मीटरचा रूळ बनते,’ काका म्हणाले, ‘सरळ! आणि तो बनवणारी माणसं घंटेसारखी वाकवून मोजायची. सांग बरं.’ मी सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘तू तीन लिहून दे. पाच लिहिलं तर तू खोटारडा, दोन लिहिलं तर ते तेवढंच धरतील.’

ते लॅपटॉप आणायला आत गेले तेव्हा मी काकीला सहज म्हटलं, की सदतीस म्हणजे काका स्वतःच असतील. टोकन नंबर वगैरे. काकी गहू निवडत होती.

‘त्यांचा नंबर एकशेबारा होता,’ ती म्हणाली. ‘सदतीस म्हणजे वेल्डर होता एक. मालकाचा पोरगा एमबीए होऊन आला नं, त्या वर्षी निघालं, दहातला एक खाली टाका. साहेब म्हणे, बाबू, तुम्हीच टाका कोणाचं तरी नाव, मी सही करतो. हे रात्रभर यादी घेऊन बसले. सगळेच ओळखीचे. तो तेवढा पोरीच्या लग्नाच्या सुट्टीवर होता.’ तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. ‘समोर नव्हता नं.’

पंखा वाजायला लागला. काका आले. आम्ही दोघांनी गव्हात लक्ष घातलं.

त्या वर्षीच्या गणपतीत काकांना धोरण प्रत्यक्ष राबवायची संधी मिळाली. आमच्या गल्लीच्या मंडळात ‘उत्कृष्ट कार्यकर्ता’ म्हणून एकाला दरवर्षी प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा मिळतो. तो कोणाला द्यायचा यावरून आजवर दोन सोयरिकी तुटल्या आहेत आणि एक अध्यक्ष सेक्टरात राहायला गेला आहे. काकांनी बैठकीत पाच आलेख दाखवले. कोणी पाहिले नाहीत. पण चिठ्ठ्यांनी पाच मिनिटांत उरकेल म्हटल्यावर सगळे एका दमात ‘हो’ म्हणाले. ‘फिर काम कौन करेगा?’ असं एका उडिया कार्यकर्त्यानं विचारलं खरं. ‘अभी कौन करता है?’ काकांनी विचारलं, आणि त्यावर सभा संपली.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री आरतीनंतर, लाडूंच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. मास्तरांच्या मुलानं एक उचलली. नाव निघालं ते मंडपामागं ताडपत्रीवर दहा दिवस झोपून काढलेल्या पोराचं. तो तेव्हाही झोपलेलाच होता, त्याला उठवून डबा दिला. एवढा हशा मंडळात कधी झाला नव्हता, आणि पहिल्यांदाच कोणी रागावलं नाही. काका मात्र उभे राहिले. एका चिठ्ठीवरून पद्धतीची परीक्षा होत नाही, एक हजार वेळा काढली पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं.

मोठी माणसं घरी गेली. पोरांना जागायला निमित्तच हवं होतं. एक काढणार, एक वाचणार, एक रेघा मारणार, चिठ्ठी परत डब्यात, डबा हलवायचा. तेराव्या का चौदाव्या वेळी वाचणारा पोरगा थांबला. ‘बाबूजी, इसमें नाम नहीं है. खाली सैंतीस लिखा है.’

‘है एक,’ काका म्हणाले. ‘लिखो.’

चोवीस कार्यकर्ते आणि सदतीस, मिळून पंचवीस चिठ्ठ्या. हजारात प्रत्येकाचे चाळीस यायला हवेत, दहाएक इकडे-तिकडे चालतात, हे काकांनी पोरांना आधीच फळ्यावर लिहून दिलं होतं. शेवटची रेघ पडली तेव्हा एक वाजून गेला होता. सी शिफ्टला गेलेले सोडून गल्ली झोपली होती. काकी मंडपाच्या खांबाला टेकून बसली होती. मास्तरांच्या मुलानं बेरजा वाचल्या. सदतीस, त्रेचाळीस वेळा. काकांनी डोळे मिटून मान हलवली. ‘बरोबर आहे,’ ते हळूच म्हणाले. झोपाळू पोराचे छत्तीस. अध्यक्षांचे एकोणचाळीस. मग काकांचं नाव आलं.

‘एकतीस.’

‘दहाएकचा फरक चालतो, काका,’ मी म्हटलं.

‘चालते नं. मी कुठं नाही म्हटलं?’ त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि पोराकडं हात केला. ‘आण बे तो कागद इकडं. पुन्हा मोजून पाहू.’